न मोजलेले मरण



मते मागायला येणारे दवाखान्याची नवी इमारत कबूल करतात. हेतू चांगला असेलही. पण तेवढ्याने बाळ वाचते का? गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी आधी गावोगावची बालमरणे मोजली. मग ३९ गावांत आरोग्यदूत शिकवून नवजात बाळांना घरीच उपचार दिले. तुलनेसाठी दुसरी गावे ठेवली. १९९९ साली निष्कर्ष छापला: नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी. देशभर आशाताईंच्या हाती हे काम यायला मात्र २०११ उजाडले!

मरणे मोजणे काहींना कोरडे वाटते. मला नाही वाटत. न मोजलेले मूल सरकारच्या लेखी मेलेलेच नसते. म्हणून उमेदवार दारी आला, की पाणी द्या आणि विचारा: हे कुठे करून पाहिले? किती वाचली?