खोट नेमकी कुठे?

फ्रान्समधल्या बनावटगिरीची गोष्ट नाण्यापासून सुरू होते. मध्ययुगीन कायद्याच्या लेखी खोटी नाणी पाडणारा हा साधा ठक नव्हता. नाण्यावर राजाचा छाप, म्हणजे त्याने थेट राजसत्तेलाच हात घातलेला. शिक्षाही त्याच तोलाची: उकळत्या कढईत मृत्यू. पण १३व्या शतकाच्या अखेरीस चौथ्या फिलिपने युद्धखर्चासाठी नाण्यांतली चांदी स्वतःच कमी केली आणि विरोधक राजालाच खोटी नाणी पाडणारा म्हणू लागले. दान्तेनेही त्याच्यावर हाच ठपका ठेवला. भेसळ तीच, पण एकाची ती गुन्हा आणि दुसऱ्याचे ते फर्मान. राज्यक्रांतीने राजाच्या जागी राष्ट्र आणले तरी ही जरब सुटली नाही. क्रांतिकाळातल्या कागदी नोटांवर बनावट करणाऱ्याला मृत्युदंडाची धमकी छापलेली असे.

कागदाची खोट पकडायला मात्र जरब पुरत नाही. जुन्या मठांनी जमिनी आणि हक्क राखण्यासाठी राजांच्या नावाने सनदा रचल्या होत्या. १६७५ मध्ये अँटवर्पच्या पापेब्रोक या जेझुइटाने सेंट-डेनिसच्या मठातल्या अतिप्राचीन सनदांवर संशय घेतला. तो मठ ज्यांच्या पंथाचा, ते बेनेडिक्टाइन संन्यासी दुखावले. त्यांच्यातल्या झाँ माबियाँने १६८१ मध्ये उत्तर दिले ते ग्रंथरूपाने: अक्षराचे वळण, शाई, चर्मपत्र, मुद्रा, तारीख लिहिण्याची रीत, असे सगळे एकत्र तपासून सनद खरी की खोटी हे ठरवता येते. पापेब्रोकने मोकळेपणाने हार मान्य केली. मठाची बाजू राखण्यासाठी लिहिलेल्या पुस्तकातून दस्तऐवजांच्या परीक्षेचे शास्त्र उभे राहिले, हा या कथेतला सर्वांत सुखद अपघात.

शास्त्र हाताशी आले तरी मनाचे काय, हे १९व्या शतकाने दाखवले. मिशेल शाल हा थोर भूमितिज्ञ. व्ह्राँ-देनी लुका या माणसाकडून त्याने वर्षानुवर्षे जुनी पत्रे विकत घेतली, एकूण २७ हजारांहून अधिक. त्यांत क्लिओपात्राने सीझरला लिहिलेले पत्र होते आणि मेरी मॅग्दलीनचेही, तेही फ्रेंचमध्ये! १८६७ मध्ये शालने पास्कालची पत्रे विज्ञान अकादमीपुढे ठेवली. गुरुत्वाकर्षणाचा शोध न्यूटनआधी पास्कालला लागला, असा त्यांचा अर्थ होता. त्यांतल्या १६५४ च्या पत्राच्या वेळी न्यूटन अवघा ११ वर्षांचा पोर होता. ही विसंगती दाखवून दिल्यावरही शाल दोन वर्षे हटला नाही. शोधाचा मान इंग्लंडकडून फ्रान्सकडे येत होता, मग भाषेकडे आणि वयाकडे कोण पाहतो? पत्रे लुकानेच रचली होती; १८७० मध्ये त्याला दोन वर्षांची कैद झाली.

हीच देशभक्ती पुढे जिवावर उठली. ज्यू अधिकारी आल्फ्रेद द्रेफ्यू याच्यावर हेरगिरीचा आरोप टिकावा म्हणून १८९६ मध्ये सैन्याच्या गुप्तवार्ता विभागातल्या आँरीने दोन पत्रांचे तुकडे जोडून नवा पुरावा तयार केला. जुलै १८९८ मध्ये युद्धमंत्र्याने तो संसदेत वाचून दाखवला. पुढच्याच महिन्यात कॅप्टन क्विन्ये याला दिव्याच्या उजेडात कागदावरच्या चौकटींच्या रेघा वेगवेगळ्या रंगांच्या दिसल्या. आँरीने कबुली दिली आणि ३१ ऑगस्टला कोठडीत गळा चिरून घेतला. त्यानंतर जे घडले ते बनावटीपेक्षा भयंकर. शार्ल मोरास या लेखकाने आँरीला राष्ट्रासाठी झिजलेला सेवक ठरवले. कागद खोटा आहे हे मान्य, पण हेतू खरा, असा हा युक्तिवाद. माबियाँच्या शास्त्राकडे त्यावर उत्तर नव्हते.

कलेच्या क्षेत्रात प्रश्न वेगळ्या वाटेने गेला. १८९६ मध्ये लूव्रने सैताफर्नेस या सिथियन राजाचा म्हणून एक सुवर्णमुकुट २ लाख फ्रँकना घेतला. तो ओडेसाच्या रुखोमोव्स्की या सोनाराने घडवला होता. १९०३ मध्ये पॅरिसला येऊन त्याने मुकुटाचा भाग पुन्हा घडवून दाखवला, तेव्हा तज्ज्ञांना गप्प बसावे लागले. कारागिरी तर अस्सलच होती. खोटी होती ती वस्तूसोबत विकलेली गोष्ट. १८९५ च्या कायद्यानेही चित्राच्या शैलीची नक्कल नव्हे, तर त्यावरची खोटी सही हा गुन्हा धरला होता. १९१० मध्ये रोलाँ दोर्जलेस आणि मित्रांनी लोलो नावाच्या गाढवाच्या शेपटीला कुंचला बांधून चित्र काढवले, बेलिफाकडून त्याचा रीतसर पंचनामा करवला आणि ‘बोरोनाली’ या सहीने ते प्रदर्शनात टांगले. आंद्रे जीदच्या १९२५ च्या कादंबरीतले खोटे नाणे तर काचेचे आहे, वरून सोन्याचा मुलामा दिलेले. तिथे भेसळ नाण्यांपेक्षा माणसांत जास्त आहे.

२०१८ मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या एल्न गावच्या संग्रहालयाने एतियेन तेर्यूस या स्थानिक चित्रकाराची १४० चित्रे तपासून घेतली. ८२ बनावट निघाली. चित्रकार १९२२ मध्ये वारला होता आणि एका चित्रात त्याच्या मृत्यूनंतर बांधलेली इमारत दिसत होती. दुसऱ्या एका चित्रावर पांढरा हातमोजा फिरवला, तर सही पुसून निघाली.