आधी पिशवी, मग माणूस

बोपदेव घाटात गाडी घसरली, तेव्हा मी आधी कॅमेऱ्याची पिशवी उघडली. मागे बसलेला आतेभाऊ कडेच्या चिखलात कोपर धरून बसला होता. लेन्स शाबूत आहे एवढं पाहून झाल्यावर मी विचारलं, "लागलं का रे?" तो काही बोलला नाही.

माउलींची पालखी त्या दिवशी पुण्याहून सासवडला निघालेली. दिवे घाट गाड्यांना बंद, म्हणून आम्ही या वाटेने पुढे चाललो होतो. हाड मोडलं नव्हतं, कातडं सोललं होतं. पण माझा तो क्रम माझ्या मनातून जात नाही.

लग्नाच्या फोटोंवर माझं घर चालतं; वारीचे फोटो मी माझ्यासाठी काढतो. मोटारसायकलवरून कॅमेरा कसा न्यायचा हे अनुभवाने शिकलो. जड लेन्स पाठीवर बांधायची नाही, पडलो तर तीच मणक्यावर बसते. मागच्या पेटीतही नको, तिथे खड्ड्याचा दणका सगळ्यात जोरात लागतो. टाकीवरची पिशवी बरी. लेन्स बॉडीपासून सोडवायची, दोन्हींना झाकणं लावायची आणि टॉवेलच्या घड्यांत अशी बसवायची की पिशवी हलवली तरी आतून आवाज येऊ नये. दणक्यापेक्षाही इंजिनाची सततची थरथर वाईट, तिने बारीक स्क्रू सैल होतात. 2021 मध्ये ॲपलनेही बजावलं होतं की ताकदवान मोटारसायकलींच्या कंपनांनी आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो. शिवाय आषाढातली ओल. सिलिका जेलचे निळे दाणे गुलाबी पडले की पुडी बदलायची, नाहीतर काचेवर बुरशी धरते.

आई हे सगळं बघते आणि म्हणते, "जीव अडकलाय तुझा त्यात." एवढी निगा म्हणजे आसक्तीच का?

जैन आचार्य उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या करताना वस्तू मोजलेल्या नाहीत. मूर्च्छेलाच, म्हणजे वस्तूत गुंतून येणाऱ्या बेभानपणालाच, परिग्रह म्हटलं आहे. मला हे फार खरं वाटतं. श्वेतांबर साधू आपली वस्त्रं आणि पात्रं रोज निरखून तपासतात, एखादा जीव चिरडू नये म्हणून. निगा तीच, पण तिच्यामागे दुसऱ्याची काळजी आहे. मी टॉवेलच्या घड्या घालत होतो तोवर माझंही काही चुकत नव्हतं. घाटात मात्र मी मूर्च्छेत होतो. शेजारी माणूस कण्हत होता आणि मला काचेशिवाय काही दिसत नव्हतं.

मामांच्या दिंडीतली वीणा मी लहानपणापासून पाहतो. ती कधी जमिनीला टेकवत नाहीत. पाऊस आला की विणेकरी आधी तिच्यावर प्लास्टिक ओढतो, स्वतः भिजतो. पण तो दमला आणि दुसरा पुढे आला की दोघं एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. त्या क्षणी पहिल्याच्या चेहऱ्यावर काही गमावल्याची खूण मला कधी दिसली नाही. वीणा कोणाची, असं मी एकदा विचारलं होतं. "दिंडीची," मामा म्हणाले आणि चालू लागले.

माझ्या कॅमेऱ्याला मी अजून कोणाला हात लावू दिला नव्हता.

यंदा नीरेला माउलींच्या पादुकांना स्नान घालत होते, तेव्हा आतेभाऊ शेजारी उभा होता. कोपरावर व्रण अजून आहे. मी पट्टा गळ्यातून काढला आणि त्याच्या गळ्यात घातला. त्याचे हात ओले होते. त्या स्नानाचे सगळे फोटो त्याने काढलेले आहेत.