‘आपला माणूस’ म्हणजे कोणाचा?

आमच्या गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर श्री ठाणेदारांचा फोटो अजूनही अधूनमधून फिरतो. खाली ठरलेली ओळ असते, आपला मराठी माणूस अमेरिकेच्या संसदेत! चिखली तालुक्यातलं आमचं गाव आणि डेट्रॉइट यांचा काडीचा संबंध नाही, तरी भराभर अंगठे पडतात. मीही टाकलाय. मागच्या उन्हाळ्यात काकूला तो फोटो दाखवला तर तिनं विचारलं, “आपला म्हंजे? मतं कोनाची पडली त्याले?”

काकू एक टर्म ग्रामपंचायत सदस्य होती. तिला असे प्रश्न पडतात.

ठाणेदारांची गोष्ट फिरावी अशीच आहे. १९५५ साली चिकोडीत जन्म. तेव्हा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. पुढच्या वर्षी राज्य पुनर्रचना झाली आणि तिथली माणसं जागची न हलता म्हैसूर राज्यातली झाली. १९७९ मध्ये ते शिकायला अमेरिकेत गेले, रसायनशास्त्रात पीएच.डी. केली, कंपनी वाढवली, मंदीच्या फेऱ्यात गमावली, मिशिगनमध्ये दुसरी उभी केली, विकली. २०१८ मध्ये गव्हर्नरपदाची उमेदवारी मिळवायला गेले आणि हरले. मग डेट्रॉइटला राहायला आले, २०२० मध्ये राज्याच्या सभागृहात निवडून गेले आणि २०२२ मध्ये काँग्रेसमध्ये. (म्हणजे तिकडच्या संसदेत. ग्रुपवर यावरूनही एकदा जुंपली होती.)

फॉरवर्डमध्ये जे येत नाही ते पुढे आहे. डेट्रॉइटमध्ये चारांतले तीन लोक कृष्णवर्णीय. १९५५ पासून, म्हणजे योगायोगानं ठाणेदारांच्या जन्मवर्षापासून, त्या शहराचा निदान एक तरी कृष्णवर्णीय खासदार कायम संसदेत होता. २०२२ मध्ये पक्षाच्या उमेदवारीसाठी नऊ जण उभे राहिले, मतं फुटली, ठाणेदारांनी पदरचे लाखो डॉलर ओतले होते, आणि तीस टक्क्यांच्या आत मतं मिळवून ते पुढे गेले. जानेवारी २०२३ पासून डेट्रॉइटचा एकही खासदार कृष्णवर्णीय नव्हता. तिथल्या अनेकांना हे लागलं. ज्या क्षणी आपण इथे ‘आपला माणूस’ म्हणून पेढे वाटत होतो, नेमकी तीच तिथली तक्रार होती की हा आपला नाही.

त्याच जानेवारीत ल्युसिल रॉयबल-अलार्ड नावाची बाई तीस वर्षांनी त्याच संसदेतून निवृत्त झाली. १९९२ मध्ये निवडून आलेली ती पहिली मेक्सिकन-अमेरिकन स्त्री. लॉस एंजेलिसमधल्या तिच्या मतदारसंघात बहुसंख्य लोक तिच्यासारखेच, लॅटिनो. तिचे वडीलही तीस वर्षं खासदार होते, म्हणजे घराणेशाही तिकडेही आहेच. लहानपणी कागदपत्रांविना अमेरिकेत आलेल्या मुलांना तिथे राहू द्यावं, यासाठीचं विधेयक तिनं मांडलं. तिच्या बाबतीत ‘आमची’ आणि ‘आमच्यासाठी’ हे दोन शब्द एकमेकांत मिसळून गेले. ठाणेदारांच्या बाबतीत ते वेगळे झाले, म्हणून प्रश्न दिसतो.

सोपं उत्तर असं की काम करणारा असला म्हणजे झालं, तो कोण आहे याच्याशी काय देणंघेणं. मला ते पटत नाही. १९१९ मध्ये बाबासाहेबांनी साउथबरो समितीपुढे मांडलं होतं की अस्पृश्यांचं प्रतिनिधित्व अस्पृश्यांनीच करायला हवं, दुसऱ्यानं कितीही सद्भावनेनं केलेलं चालणार नाही. ज्यांना दाराबाहेरच ठेवलं होतं, त्यांचा माणूस आत दिसणं हाच त्यांच्या हक्काचा भाग असतो. डेट्रॉइटची तक्रार या जातीची आहे. आमच्या ग्रुपवरचा अभिमान त्या जातीचा नाही. ‘आपला’ म्हणताना आम्हाला हक्क नको असतो, ओळख हवी असते. पुढेमागे काही काम निघालं तर.

हे मला माहीत आहे, कारण काकूच्या वेळी मीच तशी वागले होते.

पंचायतीत बायकांना पन्नास टक्के जागा झाल्यावर काकू उभी राहिली. बैठकीला काका जायचे आणि सही ती करायची, हे पहिलं वर्षभर चाललं. मग एकदा तिच्या वॉर्डात नवीन बोअर घेऊन हापसा बसवायचं ठरलं आणि त्या दिवशी ती स्वतः गेली. आमच्या गल्लीनं गृहीतच धरलं होतं. एप्रिल-मेमध्ये मी आणि आई पहाटे चारला हंडे घेऊन निघायचो. काकूनं हापसा ओढ्यापलीकडे, भटक्यांच्या पंधरा-वीस घरांजवळ मागितला. त्या बायका आमच्याहून दुप्पट लांब चालत होत्या, आणि त्या वस्तीतलं पंचायतीत कोणीच नव्हतं.

घरात महिनाभर बोलणं बंद. “मग तुले निवडून कशाले देल्लं?” असं काका म्हणाले, आणि मनात मीही तेच म्हणत होते. काकू एवढंच बोलली, “त्याइनं मले मत नाई देल्लं, मालूम हाय मले. पन त्याइची नावं माह्याच वार्डात हायत ना.”

मला आता वाटतं ती बरोबर होती. पण तिचं बरोबर असणं हेही वस्तीतल्या बाईनं त्या खुर्चीत बसण्याची जागा घेऊ शकत नाही. हापसा मिळाला, तो मागितला मात्र दुसरीनं. त्यानंतर एक निवडणूक झाली. वस्तीतून अर्ज आला नाही आणि कोणी भरायलाही सांगितलं नाही. काकूनंही नाही.

हे मी तिला बोलून दाखवलं नाही. त्या दिवशी मोबाइलवर डेट्रॉइटचं सांगत बसले होते. शहराचं २०१३ मध्ये दिवाळं निघालं आणि पुढच्या वर्षी बिलं थकली म्हणून हजारो घरांचं पाणी तोडलं, हे ऐकल्यावर तिनं भाजी निवडायची थांबवली.

“आन हे साहेब तवा तिथं होते?”

“नाही, नंतर आले.”

“मंग ते पयले कोन्या गल्लीत गेले ते पाहाय.”

आई तिकडे तोंड करून बसली होती. ओढ्यापलीकडच्या हापशावर आता तीही जाते. वस्तीतल्या बायका तिचा हंडा आधी भरू देतात. काकूशी ती सगळं बोलते, सणावाराचं, लेकीबाळींचं, फक्त त्या हापशाचं अजून बोलत नाही.