नितळ पाण्यामागचे जीव

मत्स्यपेटीतलं पाणी गढूळ झालं की घरातलं पहिलं माणूस बादली आणायला धावतं. सगळं पाणी ओतून द्यायचं, खडे नळाखाली घासायचे, फिल्टरचा स्पंज पांढरा होईपर्यंत पिळायचा आणि पेटी पुन्हा काठोकाठ भरायची. संध्याकाळी काच लखलखते. तीन-चार दिवसांत पाणी दुधाळ होतं, मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडू लागतात. मग दुकानातून निळं औषध येतं. नालासोपारा-विरारच्या कितीतरी घरांत मुलांची मासे पाळण्याची हौस याच क्रमानं विझते. दोष मुलांचा नाही आणि माशांचाही नाही. घासून, ओतून, बदलून पाणी स्वच्छ राहतं ही आपली समजूतच तपासून पाहायला हवी.

मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो. विष्ठा आणि न खाल्लेलं खाद्य कुजूनही अमोनिया तयार होतो. त्याला रंग नाही, त्यामुळे अगदी नितळ दिसणारं पाणीही माशाचा जीव घेऊ शकतं. या अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं बऱ्याच अंशी निरुपद्रवी असं नायट्रेट करणारे सूक्ष्मजीव स्पंजवर, खड्यांवर, काचेवरच्या बुळबुळीत थरात राहतात. आपण घाण म्हणून घासून टाकतो तो हाच थर. हे जीव फार सावकाश वाढतात. नव्या पेटीत त्यांचं बस्तान बसायला चार ते सहा आठवडे लागतात. ते रुजण्याआधीच आपण त्यांना दर रविवारी गटारात सोडून देतो.

रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राड्स्की यांनी १८९० च्या सुमारास हे जीवाणू वेगळे करून दाखवले. पण विषय तिथं संपला नाही. २००५ साली अमेरिकेतल्या सिएटल मत्स्यालयाच्या एका टाकीतून अमोनियावर जगणारा अगदी निराळ्या कुळातला सूक्ष्मजीव मिळाला. अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचं सगळं काम एकटाच करणारा जीवाणू तर २०१५ मध्ये उजेडात आला, तोही एका ठिकाणी मत्स्यपालनाच्या गाळण यंत्रणेत. आपल्या दिवाणखान्यात रोज चाललेलं काम विज्ञानाला नीट कळायला इतकी वर्षं लागली, याचं मला अजून नवल वाटतं.

आता आपल्याकडच्या पाण्याचं पाहू. सूर्या प्रादेशिक पाणीपुरवठा योजनेच्या दररोजच्या ४०३ दशलक्ष लिटरपैकी १८५ दशलक्ष लिटर वसई-विरारचा वाटा. या पाण्यातलं क्लोरिन माणसाला रोगांपासून वाचवतं, तेच माशाचे कल्ले भाजतं आणि स्पंजवरचे जीवाणू मारतं. त्यात अनेक सोसायट्यांच्या टाकीत नळाचं, टँकरचं आणि बोअरचं पाणी एकत्र होतं. किनाऱ्याजवळचं बोअरचं पाणी बऱ्याचदा मचूळ आणि जड असतं. पाणी अल्कधर्मी आणि उबदार असेल तर तेवढाच अमोनिया अधिक विषारी ठरतो. म्हणजे आज टाकीत कसलं पाणी आहे हे ठाऊक नसताना पेटीतलं सगळं पाणी बदलणं हा माशांवर मोठा आघात असतो. आठवड्याला चौथा हिस्सा बदलावा. ते पाणी एअर पंप लावून दिवसभर उघडं ठेवावं किंवा त्यात अँटिक्लोरिनचे थेंब टाकावेत. स्पंज पेटीतूनच काढलेल्या पाण्यात हलका पिळावा. दोन मिनिटांत संपेल एवढंच खाद्य द्यावं. पेटी खिडकीच्या उन्हात असेल तर पाणी हिरवं होणारच, ती हलवावी. पाणी दुधाळ झालं तर खाद्य कमी करून थांबावं. हे थांबणंच लोकांना सगळ्यात अवघड जातं.

लंडनमध्ये १८५० च्या सुमारास रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानं सोनमासे आणि पाणवनस्पती एका टाकीत ठेवल्या. कुजक्या पानांनी पाणी गढुळलं. त्यानं गोगलगायी सोडल्या, त्यांनी ती पानं खाल्ली आणि पाणी निवळलं. घरगुती मत्स्यपेटीच्या इतिहासात या प्रयोगाचं नाव आदरानं घेतात, आणि ते योग्यच आहे. पण वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या माणसाला यात फारसं अपूर्व वाटू नये. निर्मळ, भुईगाव, गास, वाघोली, नंदाखाल इथल्या वाड्यांतून बावखलं आहेत. गोड्या पाण्याच्या या खोदीव तळ्यांवर रहाट चालले, केळी आणि पानवेली पोसल्या गेल्या. बावखलात मासे असतात, बेडूक असतात, पाणवनस्पती असतात. डासांच्या अळ्या मासे खातात, माशांची घाण वनस्पती घेतात, उन्हाळ्यात माणूस गाळ काढतो आणि तो झाडांना घालतो. पावसाचं पाणी बावखलात थांबतं, जमिनीत मुरतं आणि विहिरी गोड ठेवतं.

माणसाचं इथलं काम थोडं पण नेमानं करायचं आहे. ते थांबलं की बावखल जलपर्णीनं भरतं. मग त्याला डबकं म्हणतात, त्यात राडारोडा टाकतात आणि एक दिवस तिथं इमारत उभी राहते. टँकरनं होणाऱ्या पाणीउपशाविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईची चळवळ उभी राहिली, तेव्हा भूजलाचा प्रश्न ऐरणीवर आला होता. बावखल बुजवणं हा त्याच प्रश्नाचा दुसरा चेहरा आहे. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार शहर दिवसचे दिवस पाण्यात होतं, तेव्हा पाण्याला थांबायला जागा उरली नसल्याचं सगळ्यांनी पाहिलं. मत्स्यपेटीत जीवाणूंचा थर घासणारा हात आणि बावखलात भराव टाकणारा हात, दोघांच्या मनात पाण्याविषयी एकच गैरसमज आहे: जे जिवंत आणि चिखलट दिसतं ते नको.

म्हणून मासे पाळणाऱ्या प्रत्येक घराला दोन विनंत्या. पेटीतले मासे नकोसे झाले तर ते बावखलात किंवा तलावात सोडू नका. काच चाटणारा सकरमासा आणि लाल कानांचं परदेशी कासव बाहेर पडलं की तिथल्या मूळ जिवांच्या जिवावर उठतं. असे नकोसे जीव दुकानदाराला परत द्या. आणि तुमच्या गावात अजून एखादं बावखल शिल्लक असेल, तर या उन्हाळ्यात गाळ काढायला जाणाऱ्या तरुणांबरोबर मुलांनाही घेऊन जा.