आणीबाणीचा अधिकार आणि गळालेले कलम

मुंबई महापालिकेच्या कारभारावरचा महालेखापरीक्षकांचा अहवाल मार्च २०२३ मध्ये विधिमंडळात मांडला गेला. त्यावर दोन-चार दिवस राजकीय धुरळा उडाला आणि बसला. त्यातल्या एका नोंदीची मात्र व्हावी तेवढी चर्चा झाली नाही. कोविडकाळात झालेल्या सुमारे ३,५३८ कोटी रुपयांच्या खर्चाची कागदपत्रे पालिकेने तपासणीसाठी दिलीच नाहीत. हा खर्च साथरोग कायदा आणि आपत्ती व्यवस्थापन कायदा यांच्या आधारे झाला, म्हणून तो तपासता येणार नाही, अशी पालिकेची भूमिका होती.

खर्च योग्य झाला की अयोग्य, हा प्रश्न मी इथे काढत नाही. रुग्णालये अपुरी पडत होती, प्राणवायू मिळत नव्हता, त्या दिवसांत निविदा काढत बसणे शक्य नव्हते. प्रश्न त्यानंतरचा आहे. या कायद्यांत सद्हेतूने काम करणाऱ्याला दाव्यापासून संरक्षण दिले आहे आणि ते रास्तच आहे. पण माणूस वाचवताना हात चुकला तर खटला भरू नये, यासाठी दिलेले संरक्षण हिशेब न देण्याची सवलत कधी झाले? आणीबाणीचा अधिकार म्हणजे कोणी काही विचारायचे नाही असा अधिकार, ही समजूत आपल्यात इतकी मुरली आहे की ती जन्मजात वाटते. ती जन्मजात नाही. तिला जन्मतारीख आहे, आणि आपण ती चुकीच्या पानावर शोधत आलो आहोत.

मी हे सोलापूरजवळच्या कुंभारीतून लिहितो, त्यालाही कारण आहे. अक्कलकोट रस्त्यावरचे हे गाव महापालिकेच्या हद्दीबाहेर आहे. पण गोदूताई परुळेकर विडी घरकुलाची दहा हजार घरे इथली, आता उभी राहिलेली रे नगर वसाहत इथली. इथली माणसे कामाला शहरात जातात आणि शहरातले आजारी उपचारांसाठी इथल्या रुग्णालयात येतात. जुलै २०२० मध्ये सोलापूर शहर आणि लगतची गावे दहा दिवस बंद ठेवण्याचा आदेश निघाला. अशा आदेशाचा अर्थ विडी वळणाऱ्या बाईला विचारावा. तिची मजुरी हजारी असते; हजार विड्या वळल्या तर पैसे. कारखान्याची शाखा उघडली नाही, पाने आणि तंबाखू मिळाला नाही, की त्या दिवशीची चूल अवघड. बंद आवश्यक असेलही. पण दहा दिवसच का, रेषा इथूनच का, या काळात मजुरीचे काय, हे प्रश्न ती कोणापुढे मांडणार? शहराच्या सभागृहात तिचे मत नाही. आणि जिथे तिचे मत आहे, त्या ग्रामपंचायतीला असा आदेश फक्त पाळायचा असतो.

साथीत शहराने काय करावे याचे नियम जुनेच आहेत. बंदरात जहाजे चाळीस दिवस रोखण्यापासून ते एकोणिसाव्या शतकातल्या गटारांच्या आणि पाण्याच्या कायद्यांपर्यंतचा प्रवास सर्वांना ठाऊक आहे, त्यावर फारसा वादही नाही. आपल्याकडे तो विचार कायद्याच्या भाषेत नीट उतरला १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात, ज्याच्या घडणीवर फिरोजशहा मेहतांचा ठसा आहे. त्या कायद्याचे कलम ४३४ वाचण्यासारखे आहे. शहरावर घातक रोग आला किंवा येऊ घातला, आणि आहेत ते कायदे अपुरे आहेत असे आयुक्ताला वाटले, तर सरकारच्या मंजुरीने त्याने खास उपाय योजावेत, तात्पुरते नियम जाहीर करावेत. अधिकार मोठा आहे. पण कलम इथे संपत नाही. त्याचे दुसरे पोटकलम सांगते की घेतलेले उपाय आणि केलेले नियम आयुक्ताने ताबडतोब महापालिकेच्या सभागृहाला कळवावेत. आधी कृती आणि लगेच जबाब, अशी ही रचना. त्या काळी मताधिकार मूठभरांनाच होता, हे खरे. तरीही शहरातल्या कोणाला तरी उत्तर द्यायचे आहे, ही जाणीव कायद्यात होती.

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेग ओळखला. ६ ऑक्टोबरला आयुक्त स्नो यांनी कलम ४३४ खाली जाहीरनामा काढला. रोग्यांना सक्तीने वेगळे करणे, रुग्णालयात नेणे, घरे रिकामी करून घेणे, सगळे त्यात होते. शहर घाबरले. २९ ऑक्टोबरला सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. लोक मुंबई सोडून निघाले. शहराची घाण उचलणारे हलालखोरही निघून गेले तर शहर राहण्याजोगे उरणार नाही, ही धास्ती खुद्द स्नो यांनी नोंदवली आहे. आणि पालिकेने पाऊल मागे घेतले. सक्तीने उचलून नेण्याचा आग्रह सैल केला.

या माघारीकडे दुबळेपणा म्हणून पाहता येते; त्या वेळच्या इंग्रज अधिकाऱ्यांनाही ती तशीच वाटली. मला ती या सगळ्या कहाणीतली सर्वांत शहाणी घटना वाटते. स्नो काही लोकांचे कैवारी नव्हते. पण ज्या शहरावर अधिकार चालवायचा, त्याच शहराच्या सभागृहापुढे, कामगारांपुढे, सफाई करणाऱ्यांपुढे त्यांना रोज उभे राहावे लागत होते. अधिकार जवळच्या माणसाकडे होता, म्हणून आपला हुकूम उलटतो आहे हे त्याला कळले आणि तो बदलता आला. साथीत हुकूम चुकणारच; रोगच नवा असतो. म्हणून चूक लवकर कळण्याची सोय हा साथनियंत्रणाचाच भाग आहे.

मग ४ फेब्रुवारी १८९७ चा साथरोग कायदा आला. त्याच महिन्यात व्हेनिसला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरायची होती. हिंदुस्थानच्या व्यापारावर युरोप बंदी घालील, ही भीती सरकारला होती. मुंबईत काही कडक घडते आहे, हे जगाला दिसायला हवे होते. चार कलमांचा तो कायदा घाईने झाला. त्याचे दुसरे कलम १८८८ च्या कलम ४३४ शेजारी ठेवून वाचा. आहेत ते कायदे अपुरे वाटले तर उपाय योजावेत, तात्पुरते नियम करावेत. वाक्यांची ठेवणसुद्धा जवळजवळ तीच. बदल दोनच आहेत. ‘वाटण्या’चा अधिकार शहराच्या आयुक्ताकडून सरकारकडे गेला, आणि सभागृहाला कळवण्याचे पोटकलम गळाले. त्याच्या जागी सद्हेतूच्या संरक्षणाचे कलम आले. जबाब देण्याची सक्ती जाऊन जबाबापासून बचाव आला. मी म्हणतो ती जन्मतारीख ही.

पुढचे सर्वांना पाठ आहे. मार्चमध्ये मुंबईत ब्रिगेडियर जनरल गेटेकर यांची प्लेग समिती आली आणि पालिकेच्या हातातला कारभार तिच्याकडे गेला. पुण्यात प्लेग समितीचे प्रमुख म्हणून रँड आले, लष्करी तुकड्या घराघरांत शिरल्या, २२ जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी रँडवर गोळ्या झाडल्या, टिळकांना राजद्रोहाखाली दीड वर्षाची शिक्षा झाली. शाळेपासून आपण हा इतिहास रँडच्या क्रौर्याचा म्हणून वाचतो. इंग्रजी पुस्तके तो अडाणी जनतेने शास्त्राला केलेल्या विरोधाचा म्हणून वाचतात. दोन्ही वाचने एकाच जागी घसरतात, कारण दोघांचे लक्ष माणसांच्या स्वभावावर आहे.

लोक शास्त्राच्या विरोधात असते तर टिळकांनी हिंदूंसाठी प्लेगचे रुग्णालय उभारायला हातभार लावला नसता. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी गेल्या; रोग्याला वेगळे ठेवून उपचार करावेत हे त्यांना कोणी शिकवायला नको होते. तक्रार होती ती तपासणीच्या पद्धतीची, आणि त्याहून जास्त, ती ऐकायला कोणी नसण्याची. पुण्यात नगरपालिका होती, पण प्लेग समितीला तिच्यापुढे जाण्याचे बंधन नव्हते. ऑक्टोबरमध्ये मुंबईत जो धक्का धोरण बदलायला पुरला, त्या धक्क्याला पुण्यात वाटच मिळाली नाही. रँडच्या जागी सौम्य माणूस असता तर त्रास कमी झाला असता, हे मान्य. पण कायद्याने अधिकार सौम्य माणसाच्या भरवशावर सोडू नयेत, हाच तर धडा होता. तो आपण घेतला नाही. आपण खलनायक लक्षात ठेवला आणि गळालेले पोटकलम विसरलो.

सरकार मात्र वागण्यापुरते शिकले. पुढच्या दोन-तीन वर्षांत सक्ती सैल झाली, स्थानिक स्वयंसेवक बरोबर घेतले गेले. कागदावरचा कायदा होता तसाच राहिला, आणि सव्वाशे वर्षांनी तोच आपल्या दारात आला.

मधल्या काळात एक चांगली गोष्ट घडली होती, तिची आठवण फारशी कोणी काढत नाही. सोलापूरसह राज्यातल्या मुंबईबाहेरच्या महापालिका ज्या १९४९ च्या कायद्याने चालतात, त्यात कलम ६७(३)(क) आहे. अचानक संकट ओढवले तर आयुक्ताने कोणाच्याही मंजुरीची वाट न पाहता तातडीची कारवाई करावी. मात्र काय केले, का केले आणि खर्च किती आला, हे स्थायी समितीला आणि महापालिकेला ताबडतोब कळवावे. १८९७ मध्ये गळालेले इथे परत आले, तेही खर्चाच्या हिशेबासह. आज या कलमाचे काय झाले आहे? ‘सदुसष्ट-तीन-क’ म्हटले की पालिकेच्या आवारात विनानिविदा काम एवढाच अर्थ घेतला जातो. दरवर्षी ठरल्या महिन्यात येणाऱ्या पावसाआधीची कामेसुद्धा त्यातून निघतात. कलमाचा पहिला अर्धा भाग सर्वांच्या तोंडी आहे आणि दुसरा कोणाच्याच नाही.

त्यातच मार्च २०२२ मध्ये सोलापूर, पुणे, मुंबई सगळीकडे सभागृहांच्या मुदती संपल्या. जानेवारी २०२६ मध्ये निवडणुका होईपर्यंत आयुक्तच प्रशासक होते. म्हणजे आयुक्त म्हणून केलेली कारवाई प्रशासक म्हणून स्वतःलाच कळवायची. याच काळात, जानेवारी २०२५ मध्ये, पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला जीबीएस (गुलेन-बारी सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले आणि संशय पाण्यावर गेला. नांदेड आणि किरकटवाडी ही त्यातली गावे २०२१ मध्ये पालिकेत घेतलेली. त्यांच्या ग्रामपंचायती गेल्या होत्या आणि नगरसेवक अजून मिळालेला नव्हता. पाण्याला वास येतो, हे हक्काने सांगायला त्यांना लोकांनी निवडलेला एकही माणूस नव्हता. हद्दवाढीच्या वाटेवरच्या प्रत्येक गावाने, कुंभारीनेही, हे लक्षात ठेवावे.

कोणी म्हणेल, सभागृहे भांडतात, नगरसेवक टक्केवारी पाहतात, साथ तोवर थांबत नाही. यातला पहिला भाग अनेकदा खरा असतो. पण कळवण्याची अट कारवाईला एक तासही उशीर लावत नाही. शेजारच्या घराला आग लागली तर कुलूप तोडावेच. मालक आला की काय तोडले आणि का, हे सांगावे. यात आग विझवायला अडथळा कुठे आला? आणि नगरसेवक वाईट असेल तर पाच वर्षांनी त्याला घरी बसवता येते. आदेशाखाली ज्याची नुसती सही असते, त्याच्या बाबतीत लोकांच्या हाती काय आहे?

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने निदान अर्धे दार उघडे ठेवले होते. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी, तर सहअध्यक्ष स्थानिक संस्थेचा निवडून आलेला प्रतिनिधी, आपल्याकडे जिल्हा परिषदेचा अध्यक्ष. कोविडच्या काळात या सहअध्यक्षांचे नाव किती जणांनी ऐकले, हे ज्याने त्याने आठवून पाहावे. आणि २०२५ च्या दुरुस्तीने महापालिकेच्या शहरांसाठी नवे नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण आणले आहे. त्याचे अध्यक्ष आयुक्त आणि उपाध्यक्ष जिल्हाधिकारी. महापौराला कायद्याने तिथे खुर्ची नाही. शहराला स्वतःचे प्राधिकरण हवेच होते. त्या मागणीत शहराचा कारभार होता, पण शहरातली माणसे राहून गेली. १८९७ चे कायदेतज्ज्ञ आज हयात असते तर त्यांना हा आराखडा परका वाटला नसता.

यावर उपाय अवघड नाहीत, कारण त्यांचा गाभा १८८८ मध्येच लिहिलेला आहे. साथीतला प्रत्येक आदेश, त्याचे कारण, त्याची मुदत आणि त्यावरचा खर्च आठ दिवसांत सभागृहापुढे यावा. सभागृह नसेल तर जाहीरपणे छापला जावा. मुदत संपली की नव्याने कारण दिल्याशिवाय आदेश वाढू नये. नागरी प्राधिकरणात महापौर सहअध्यक्ष असावा. आणि शहराची बंदी ज्या गावांना लागू होते, त्या गावांच्या सरपंचांना त्याच बैठकीत बसण्याचा आणि बोलण्याचा हक्क असावा. जानेवारी २०२६ मध्ये निवडून आलेल्या सभागृहांनी पहिल्या वर्षातच असा ठराव करून सरकारकडे धाडावा. पुढची साथ कधी येईल ते कोणाच्या हातात नाही. ती येईल तेव्हा आपल्या नावाने हुकूम काढणाऱ्याने आपल्याला जबाब द्यायचा की नाही, हे मात्र आज ठरवता येते. ते आजच ठरवून ठेवावे, कारण साथीत ते ठरवायला कोणी वेळ देणार नाही.