मुलाच्या उद्याविषयी किती विचारावे?

‘माझे मूल पुढे चालू शकेल ना?’ असे विचारणाऱ्या आईला आपण काय उत्तर द्याल? गैबचे ज्ञान केवळ अल्लाहला आहे, हे उत्तर श्रद्धेच्या दृष्टीने संपूर्ण सत्य आहे. उद्या आपण काय कमावणार हे कोणताही जीव जाणत नाही, असे सूरह लुकमानच्या अखेरीस स्पष्टच सांगितले आहे. परंतु एवढे सांगून आपली जबाबदारी संपते काय?

मल्टिपल स्क्लेरोसिस या व्याधीत शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा मेंदू व मज्जारज्जूतील तंतूंच्या आवरणावरच हल्ला चढविते. एका डोळ्याची दृष्टी अंधुक होते, पाय बधिर होतात, तोल जातो. काही आठवड्यांनी पुष्कळसे पूर्ववत होते आणि पुन्हा झटका येतो. एकूण रुग्णांपैकी सुमारे ३ ते १० टक्क्यांना हा रोग वयाच्या अठराव्या वर्षाआधी जडतो. मुलांना झटके मोठ्यांपेक्षा अधिक वेळा येतात, मात्र ती सावरतातही चांगली. म्हणूनच घरच्यांची फसगत होते. मूल पुन्हा धावू लागले की रोग गेला असे वाटते.

फ्रान्स व बेल्जियममधील संशोधकांनी २००७ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. सोळाव्या वर्षापर्यंत रोग सुरू झालेल्या ३९४ रुग्णांची तुलना त्यांनी प्रौढपणी आजारी पडलेल्यांशी केली. रोग सतत वाढत जाण्याच्या अवस्थेपर्यंत पोहोचण्यास बालरुग्णांना मध्यमानाने २८ वर्षे लागली. प्रौढांपेक्षा सुमारे दहा वर्षे अधिक. परंतु तेव्हा त्यांचे वय होते अवघे ४१, म्हणजे प्रौढ रुग्णांहून सुमारे दहा वर्षे कमी. संसार, उपजीविका, लहान मुले असण्याचे ते वय. ‘रोग संथ आहे’ हे वाक्य ऐकताना हा दुसरा आकडाही ऐकावा.

आता काही बंधू म्हणतील, हे तर भविष्यकथनच झाले. मला ते मान्य नाही. प्रेषितांनी (स.) काहिनाकडे जाण्यास मनाई केली, पण औषधोपचार करण्यास सांगितले. मदरशात मंतिक शिकविताना धूर पाहून अग्नीचा निष्कर्ष काढण्याचे उदाहरण देतात. मराठीच्या वर्गात न्यायशास्त्राची ओळख झाली, तेव्हा तोच धूर पुन्हा भेटला. वैद्यही तेच करतो. पहिल्या दोन वर्षांत झटके किती आले, पहिल्या झटक्यानंतर मूल पूर्ण सावरले का, मस्तिष्कस्तंभात व मज्जारज्जूत व्रण आहेत का, हे तो पाहतो. त्यावरून धोका कमी की अधिक, एवढेच तो सांगतो. मध्यमान २८ वर्षे याचा अर्थ, निम्म्यांना ती अवस्था त्याआधी गाठते आणि निम्म्यांना त्यानंतर किंवा कधीच नाही. आपले मूल कोणत्या निम्म्यात आहे, हे तो जाणत नाही. गैब गैबच राहतो.

ज्योतिषी आपले भाकीत खरे ठरावे अशी इच्छा धरतो. वैद्याचे अनुमान मात्र खोटे पाडण्यासाठीच असते, आणि ते पडतेही. इटलीतील तीन हजारांहून अधिक बालपणी-रोगग्रस्त रुग्णांच्या २०२१ मधील अभ्यासात, अलीकडच्या काळात निदान झालेल्यांना कायमचे अपंगत्व येण्याचा धोका पूर्वीच्यांपेक्षा निम्म्याहूनही कमी आढळला. त्यामागे प्रभावी औषधे लवकर सुरू होणे, हे एक मोठे कारण मानले जाते. ती औषधे निर्धोक नाहीत. २०१८ च्या एका चाचणीत २१५ मुलांपैकी फिंगोलिमॉड घेणाऱ्यांचे झटके इंटरफेरॉन घेणाऱ्यांच्या तुलनेत ८२ टक्क्यांनी घटले. मात्र गंभीर दुष्परिणाम त्यांच्यातच अधिक दिसले, त्यांत फिट येण्याचाही समावेश होता. अशा वेळी ‘पुढचे काही ऐकायचे नाही’ म्हणणारे वडील तवक्कुल करीत नाहीत. निर्णय तर ते घेतच असतात, फक्त डोळे मिटून. आणि ज्या देहाविषयी तो निर्णय आहे, तो त्यांचा नव्हे, त्यांच्याकडे सोपविलेली अमानत आहे.

याहून मला अधिक भय वाटते ते अनुमानालाच निकाल मानणाऱ्यांचे. अपंगत्व मोजण्याची प्रचलित मोजपट्टी मुख्यत्वे चालणेच मोजते. शून्य म्हणजे निरोगी, सहा म्हणजे शंभर मीटर चालण्यास काठीचा आधार. परंतु सुमारे एक तृतीयांश बालरुग्णांची स्मृती, एकाग्रता व विचारांची गती मंदावते, आणि ते त्या पट्टीवर फारसे उमटत नाही. अशा मुलाला आपण आळशी ठरवितो. नाहीतर ‘आता शिकून काय करायचे’ म्हणून शाळेतून काढतो. वयात आल्यानंतर हा रोग मुलींमध्ये मुलांच्या दुपटीहून अधिक आढळतो, त्यामुळे हा घाव बहुधा मुलीवरच पडतो. बारा वर्षांच्या मुलीच्या निकाहची चिंता घरात कुजबुजू लागते. निकाहच्या वेळी आजार लपविणे ही फसवणूक आहे, यात मला शंका नाही. पण तो प्रश्न ज्या दिवशी येईल त्या दिवसाचा. त्यापायी आज तिचे दप्तर काढून घेण्याचा अधिकार कोणाला?

तिला काय सांगावे? माझ्या मते, ती विचारील तेवढे, आणि खोटे काहीही नाही. बंद दाराआडचे बोलणे मुलांना ऐकू येते. चाळिशीत आपले काय होईल हे ती बहुधा विचारणारच नाही. सोमवारी शाळेत जाता येईल का, हे विचारील.