शाळेची वाट आणि प्रमादाची हिंसा

ज्याच्या मनात कोणाला इजा करण्याचा हेतू नाही तो अहिंसक, अशी सर्वसाधारण समजूत असते; जैन दर्शनाने मात्र ही सवलत माणसाला दिलेली नाही. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्याच प्रमादाशी, म्हणजे मनाच्या बेसावधपणाशी जोडलेली आहे, आणि साधूंच्या पाच समित्यांपैकी, म्हणजे सावध आचरणाच्या नियमांपैकी, पहिली, ईर्यासमिती, ही पुढची जमीन पाहून, पायाखाली जीव येणार नाही अशा बेताने चालण्याची शिस्त आहे. अनवाणी चालणाऱ्यावर जेथे एवढे बंधन, तेथे टनभर वजनाची मोटार हाकणाऱ्यावर किती असावे, हा प्रश्न त्या व्याख्येतून आपोआप निघतो. शाळेच्या वाटेवर तो कसा उभा राहतो, हे एका वसाहतीच्या उदाहरणाने पाहू.

पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीतील बेलपाडा हे खारघरमधील मूळ गाव आता सिडको या नवे शहर वसवणाऱ्या महामंडळाच्या सेक्टरांनी वेढले असून, जवळूनच शीव-पनवेल महामार्ग जातो आणि 17 नोव्हेंबर 2023 पासून बेलापूर-पेंधर मेट्रोचे एक स्थानकही त्याच्या नावाने आहे. नव्या शहराची आखणी करताना सेक्टरांमध्ये शाळांसाठी भूखंड राखले गेले, ते मूल चालत शाळेत जाईल हे गृहीत धरूनच. शिक्षणहक्क कायद्याखालील राज्याच्या 2011 च्या नियमांनीही पहिली ते पाचवीसाठी 1 आणि सहावी ते आठवीसाठी 3 किलोमीटरच्या आत शाळा असावी असे ठरवले. पुढे पालक माध्यम, बोर्ड आणि प्रतिष्ठा पाहून दूरची शाळा निवडू लागले आणि आखणीतले अंतर कागदावरच राहिले.

अशा कोणत्याही वसाहतीत शाळा सुटण्याच्या वेळी फाटकासमोर दुहेरी रांगेत मोटारी थांबतात, पदपथ दुचाकींनी भरतो, आणि पायी निघालेल्या मुलाला त्या मोटारींना वळसा घालून भर रस्त्यात उतरावे लागते, जेथे उंच बॉनेटमागे बसलेल्या चालकाला पहिलीतल्या मुलाचे डोकेही दिसत नाही. रस्ता धोक्याचा म्हणून मुलाला मोटारीने आणायचे आणि त्या मोटारीने तो आणखी धोक्याचा करायचा, या चक्रात एकही पालक दुष्ट नसतो. प्रत्येकाची माया खरी असते, पण ती ‘माझे मूल’ या दोन शब्दांपाशी अडते. गीतेतील लोकसंग्रह, म्हणजे सर्व लोकांचे धारण होईल असे वागणे, याची कसोटी लावली तर इतरांच्या मुलांवर धोका ढकलून मिळवलेली सुरक्षितता धर्म्य म्हणता येणार नाही.

येथे एक पळवाट संभवते: मुलांना धीट करावे, नियम शिकवावेत, म्हणजे झाले. सावित्रीबाई फुले अंगावर पडणारा चिखल-शेण सोसत पुण्यातील शाळेत शिकवायला जात, ही आठवण महाराष्ट्र अभिमानाने सांगतो. परंतु त्या धैर्याच्या कौतुकात चिखल फेकणाऱ्यांचा दोष कमी होत नाही. सावधपणाचे ओझे दुबळ्यावर टाकणारी नीती सोयीची असते, एवढेच. ज्याच्या हातात इजा करण्याची शक्ती जास्त, त्याच्यावर संयमाची जबाबदारी जास्त. अपंग मूल, दूरचे घर किंवा कोकणातला धो-धो पाऊस ही वाहनाची रास्त कारणे आहेतच, आणि बसने त्या गरजाही बऱ्याचशा भागतात. दोन गल्ल्यांवरच्या घरासाठी मात्र ही कारणे पुढे करता येत नाहीत.

शाळेला यात करण्यासारखे पुष्कळ आहे: फाटकासमोरचा रस्ता भरण्या-सुटण्याच्या वेळी मोटारींना बंद ठेवण्याची मागणी पालिका व वाहतूक पोलिसांकडे करणे, सोडण्याची जागा थोडी दूर ठरवणे, एका इमारतीतल्या मुलांना एखाद्या पालकाबरोबर गटाने चालत आणणे, सायकलींना आत जागा देणे. शालेय बससंबंधीच्या राज्याच्या 2011 च्या नियमांनुसार मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असते व तिच्यात पालक आणि वाहतूक पोलिसांचे प्रतिनिधी बसतात. पायी येणाऱ्या मुलांचा विषय तिच्या पुढच्याच बैठकीत घ्यायला कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही.